गावाची बिरुदे



आमच्या यावलकडचा माणूस पुण्या-मुंबईच्या गाडीत बसला की एक संवाद ठरलेला असतो. समोरचा गृहस्थ विचारतो, "कुठले आपण, भाऊ?"

"यावलचा."

"यावल? हे कुठं आलं?"

आमचा माणूस थोडा घुटमळतो आणि म्हणतो, "भुसावळजवळ."

"हां हां, भुसावळ! म्हणजे केळीवाले तुम्ही!"

समोरच्या गृहस्थाचे समाधान होते. आमच्या माणसाचे होते की नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही. शेत तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळीची खोडे त्याने लावली, रात्री-अपरात्री पाणी त्याने दिले, आणि नाव मिळाले ते तापीच्या दक्षिण काठावरच्या भुसावळला! हे असे का व्हावे? गावाला नाव मिळते कसे, टिकते कसे, जाते कसे, आणि मिळालेल्या नावाचे आपण करावे काय, याचा थोडा विचार आज आपण करू.

पूर्वी राजेरजवाड्यांना बिरुदे असत. दरबारात भालदार-चोपदार ती मोठ्याने ललकारीत. राजे गेले, चोपदार गेले, पण बिरुदे काही गेली नाहीत; ती आता गावांना आणि शहरांना लागली. पुणे म्हणजे विद्येचे माहेरघर, नागपूर म्हणजे संत्रानगरी, सांगली हळदीची, नाशिक द्राक्षांचे. आमचे जळगाव केळीचे आगर, आणि त्याबरोबरच सुवर्णनगरी. यांतले एकही बिरुद कोणत्या सरकारी हुकमाने मिळालेले नाही. लोकांनी म्हटले, लोकांनी ऐकले, आणि ते चिकटले.

प्रथम केळीचेच उदाहरण घेऊ. जळगाव जिल्ह्यात केळीचे मोठे क्षेत्र रावेर आणि यावल या दोन तालुक्यांत. तापीने आणून पसरलेली काळी खोल माती आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांचे विहिरींत मुरलेले पाणी, या दोहोंवर ही केळी उभी राहिली. पण केळी हा काही ज्वारीसारखा कणगीत भरून ठेवण्याचा माल नव्हे. घड कापला की तो बाजारात पोहोचलाच पाहिजे. दूरच्या बाजाराची वाट उघडली ती रेल्वेने. १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग खानदेशात आला. भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. एक फाटा नागपूरकडे गेला, एक खांडव्याकडून उत्तरेला. यावल गावाला मात्र रेल्वे स्टेशन मिळाले नाही, आजही नाही. तेव्हा आमच्या शेतकऱ्याने घड गाडीत घालावेत, सावदा, रावेर, निंभोरा, भुसावळ यांपैकी जवळच्या स्टेशनावर न्यावेत, आणि तेथून ते उत्तरेला रवाना व्हावेत, असा क्रम पडला. दिल्लीच्या आणि उत्तर प्रदेशाच्या बाजारात घड उतरले तेव्हा गिऱ्हाइकाने विचारले, "कहाँ का केला है?" हातगाडीवाल्याला ठाऊक होते ते रेल्वेचे नाव. तो म्हणाला, "भुसावल का!"

झाले. केळ्याचे बारसे झाले!

यात कोणी लबाडी केली असे नाही. जगभर असेच घडत आले आहे. अरबस्तानातल्या येमेन देशात डोंगरउतारावर कॉफी पिकत असे. ती गलबतांवर चढे ती मोखा नावाच्या बंदरात. साऱ्या जगाने त्या कॉफीला मोखाची कॉफी म्हटले. कॉफी ज्या डोंगरात पिकली, तिथल्या गावांची नावे कोणाला ठाऊक आहेत? तात्पर्य असे, की पिकवणारा माल देतो आणि पाठवणारा नाव देतो. ज्याच्या हाती वाट, त्याच्या हाती नाव.

आता रस्ते झाले, मालमोटारी शेताच्या बांधापर्यंत येऊ लागल्या, आणि नाव पुन्हा एकदा बदलले. मालाला त्याच्या मूळ प्रदेशाचे नाव कायद्याने राखून देण्याची सोय आपल्या देशात झाली आहे. तो कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. त्याला भौगोलिक मानांकन म्हणतात. त्याखाली २०१६ साली आमच्याकडच्या दोन जिनसांची नोंद झाली: 'जळगाव केळी' आणि 'जळगाव भरीत वांगी'.

भरिताच्या वांग्याचे आमच्याकडे काय महत्त्व आहे, हे खानदेशी माणसाला सांगायला नको. थंडी पडली की शेतात पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यांवर हिरवी-पांढरी, लठ्ठ वांगी भाजायची, ठेचून त्यांत हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालायची, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर पंगत बसवायची. या वांग्यांसाठी आमच्या भागात पहिले नाव निघते ते बामणोदचे. बामणोद हे यावल तालुक्यातले गाव. पण नोंदीत नाव आहे जळगावचे. म्हणजे केळी पूर्वी भुसावळची होती, ती आता जळगावची झाली. वांगी बामणोदची होती, तीही जळगावची झाली. यावलच्या माणसाने यावर रुसून बसावे का?

मला वाटते, बसू नये. जिल्ह्याच्या नावात सगळ्या तालुक्यांचा वाटा असतो, आणि दूरच्या गिऱ्हाइकाच्या ध्यानात दहा गावांची नावे राहत नाहीत, एकच राहते. पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मानांकन झाले म्हणजे शेजारच्या कोणीही उठावे आणि ते नाव पेटीवर छापावे, असे नाही. त्यासाठी शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंद करावी लागते. शिवाय मूळ नोंद दहा वर्षांची असते, पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. जो नोंद करील त्याला नाव; जो नुसता अभिमान बाळगील त्याच्या हाती फक्त अभिमान. आपल्या गावात किती जणांनी ही नोंद केली आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावी विचारून पाहावे.

हे झाले बाजाराने दिलेले बिरुद. दुसरे बिरुद श्रद्धा देते. यावल गावात महर्षी व्यासांचे मंदिर आहे. हडकाई-खडकाई या नद्यांच्या काठी व्यासांनी वास्तव्य केले, अशी लोकांची धारणा आहे, आणि गुरुपौर्णिमेला तेथे दर्शनाला मोठी गर्दी लोटते. तिकडे अमळनेरला संत सखाराम महाराजांच्या परंपरेचा उत्सव बोरी नदीच्या पात्रात भरतो. म्हणून अमळनेरला प्रतिपंढरपूर म्हणतात. या बिरुदांना माल नाही, मोटार नाही, गिऱ्हाईक नाही. ती भाविकांच्या पायांनी उभी राहतात आणि जत्रा भरते तोवर टिकतात.

तिसरे बिरुद एखादा प्रसंग देऊन जातो. यावल तालुक्यातल्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. महात्मा गांधी हजर. तोवर अधिवेशने भरत ती मोठ्या शहरांत. राष्ट्रीय सभेने खेड्यात जावे हा गांधीजींचा आग्रह, आणि तो पहिल्यांदा अमलात आला तो फैजपूरला. टिळकनगर नावाची वसाहत उभी राहिली. तिची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली, आणि ती बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून. शेतकऱ्यांच्या प्रश्नांचा कार्यक्रमही त्या अधिवेशनात मांडला गेला. एवढे सगळे दोन-चार दिवसांत झाले. पण फैजपूरची ओळख त्या दिवसांनी कायमची ठरवली.

माणसांनाही बिरुद देणारा एक प्रसंग जळगावात घडला आहे. १९०७ साली तेथे कविसंमेलन भरले होते. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. अध्यक्षस्थानी डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. त्यांनी त्या मुलाला 'बालकवी' ही पदवी दिली. पुढे ठोंबरे हे आडनाव मागे पडले, बालकवी हेच नाव उरले. बिरुद खरे असले म्हणजे ते मूळ नावाला झाकून टाकते, ते असे.

आता बिरुदे जातात कशी ते पाहू. येथे आपल्या अभिमानाला जरा चिमटा बसेल.

यावलचेही एके काळी स्वतःचे नाव होते. १७८८ साली शिंद्यांनी यावल निंबाळकरांना दिले. त्या निंबाळकरांच्या अमदानीत यावल प्रसिद्ध होते ते कागदासाठी. जाडाभरडा देशी कागद येथे हाताने तयार होई. निळीचाही उद्योग येथे होता. शेजारचे फैजपूर छापील कापडासाठी, निळीच्या आणि आलीच्या रंगासाठी नावाजलेले होते. आल म्हणजे जिच्या मुळ्यांपासून लाल रंग काढीत ती वनस्पती. आज यावलला कोणी कागदाचे गाव म्हणते का? फैजपूरला रंगाऱ्यांचे गाव म्हणते का? जुन्या सरकारी गॅझेटियरांत ही माहिती पडून आहे, लोकांच्या तोंडी नाही.

असे का झाले? गिरणीचा कागद स्वस्त पडला, हातकागद मागे हटला. १८६९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी आलीच्या जातीचा लाल रंग कृत्रिम रीतीने बनवला. १८९७ पासून कृत्रिम नीळही बाजारात आली. हजारो कोसांवरच्या एका प्रयोगशाळेत काही घडले, आणि फैजपूरच्या रंगाऱ्याच्या हौदातले पाणी निवळले. धंदा गेला, त्याच्यामागून बिरुद गेले. मालावर उभे राहिलेले नाव मालाबरोबर बसते, हा धडा केळीच्या आगराने विसरून चालणार नाही.

काही नावे तर लोकांच्या तोंडी बसतच नाहीत. आपल्या प्रदेशाचेच पाहा. खानदेश हे नाव कोठून आले? कोणी म्हणतात, कान्हाचा देश तो कान्हदेश; कोणी यादवांच्या सेऊणदेशाशी ते जोडतात; कोणी म्हणतात, येथल्या फारुकी राजांना गुजरातच्या सुलतानाकडून 'खान' हा किताब मिळाला, त्यांचा तो खानदेश. हे वाद विद्वानांनी करावेत. पण १६०१ साली अकबर बादशहाने असीरगड घेतला तेव्हा त्याने या सुभ्याचे नाव बदलून आपल्या मुलाच्या, दानियालच्या, नावावरून 'दानदेश' ठेवले. बादशहाचा हुकूम तो! दप्तरात नाव चढले. पण शेतकऱ्याच्या ओठावर काही चढले नाही. दानदेश आज फक्त इतिहासाच्या पुस्तकात आढळतो. खानदेश अजून आहे. १९०६ साली इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिम खानदेशाचा धुळे. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. नकाशावर आज 'खानदेश' नावाचा जिल्हाच नाही. तरी शेवभाजी खानदेशी, लग्नातली गाणी खानदेशी, आणि माणूस विचारल्यावर सांगतो, "आम्ही खानदेशी." सत्तेने नाव देता येते, पण ते म्हणायचे की नाही हे लोक ठरवतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो विशेषतः शिक्षकबंधू-भगिनींसाठी आहे. बिरुदे आणि दावे तपासावेत कसे? गावाचा अभिमान असावा, पण तो डोळस असावा. मुलांना आपण 'आमचे गाव' या विषयावर निबंध लिहायला सांगतो. मूल लिहिते: आमचे गाव जगात प्रसिद्ध आहे. आपण त्यावर बरोबरची खूण करतो आणि पुढची वही घेतो. येथे थांबून विचारले पाहिजे, "बाळ, हे तुला कोणी सांगितले?"

एक वाक्य आमच्याकडे सभा-समारंभांत वारंवार ऐकू येते: जळगाव जिल्हा हा स्वतंत्र देश असता, तर केळीच्या उत्पादनात त्याचा जगात सातवा नंबर लागला असता. ऐकायला छान वाटते. पण मुलांना विचारायला लावा: ही मोजणी कोणत्या वर्षाची? दरसाल देशांचे आकडे वरखाली होतात, मग नंबर तोच कसा राहील? शेजारच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातही केळीच केळी आहे, आणि उजनीच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यातली केळी परदेशी जाऊ लागली आहे, त्यांचे काय? आणि सर्वांत मोठा प्रश्न: नंबर सातवा असो की सत्तरावा, घडामागे शेतकऱ्याच्या हाती काय पडले? भारत देश केळीच्या उत्पादनात जगात पहिला आहे, हे खरे. पण त्यातली बहुतेक केळी देशातच खपतात. पिकवण्यातला पहिला नंबर म्हणजे विकण्यातला पहिला नंबर नव्हे.

दुसरे उदाहरण व्यास मंदिराचे. व्यास येथे राहिले, ही श्रद्धा आहे. श्रद्धेला पुरावा मागायला आपण काही न्यायाधीश नाही. पण "साऱ्या देशात व्यासांची दोन-तीनच मंदिरे, त्यांतले हे एक" असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा ती श्रद्धा राहत नाही, ती मोजणी होते. आणि मोजणी तपासता येते. काशीजवळ रामनगरला, यमुनेकाठी काल्पीला, बद्रीनाथजवळ माणा गावी व्यासांची स्थाने दाखवतात. तेव्हा 'दोन-तीनच' हा शब्द जपून वापरावा. मंदिराचे महत्त्व त्याने तिळभरही कमी होत नाही.

फैजपूरच्या बाबतीतही एक बारकावा आहे. 'खेड्यातले पहिले अधिवेशन' हे बिरुद योग्यच आहे. पण फैजपूर तेव्हा चार झोपड्यांचे खेडे होते अशी समजूत करून घेऊ नये. तो बाजारपेठेचा, रंगाऱ्यांच्या जुन्या धंद्याचा, नगरपालिका असलेला कसबा होता. हे कळले म्हणजे तेथल्या लोकांनी एवढे मोठे अधिवेशन पेलले कसे, हेही थोडे उमगते.

दावा पुराव्यावर उभा असला म्हणजे तो कसा दिसतो, ते पाहायचे असेल तर चाळीसगावजवळ पाटणला जावे. तेथे एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने तेथे मठ स्थापला आणि शके ११२८ मध्ये त्या मठाला दान मिळाले, असे तो लेख सांगतो. आता पाहा, यावरून काय सिद्ध होते? पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ होता, हे सिद्ध होते. भास्कराचार्य तेथेच जन्मले, हे सिद्ध होते का? नाही. आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड, असे ते स्वतः सांगतात, आणि ते गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण जन्मस्थानाचा दावा सोडला तरी आपल्याकडे काय कमी उरते? आठशे वर्षांपूर्वी खानदेशात गणित-ज्योतिष शिकवण्यासाठी मठ चालत होता! हा केवढा अभिमानाचा विषय आहे! पुराव्याएवढेच बोलावे, तेवढ्यानेही मान ताठ राहते.

आणखी एक चूक आपण सुशिक्षित माणसेच करतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोद्याचा. त्या १९५१ साली वारल्या. दुसऱ्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली आणि महाराष्ट्र थक्क झाला. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे. पण कितीतरी ठिकाणी सरसकट लिहिलेले आढळते की त्यांची गाणी अहिराणीत आहेत. खानदेश म्हणजे अहिराणी, असे समीकरण बाहेरच्यांनी बसवले आणि आपण मान डोलावली. अहिराणी ही मोठी आणि गोड बोली खरीच. पण तिचा मुख्य मुलूख धुळे, अमळनेर, चाळीसगाव या बाजूचा. यावल, रावेर, भुसावळ, जळगाव या पट्ट्यातल्या शेतकरी घरांत बोलतात ती लेवा बोली, आणि बहिणाबाईंचे शब्द त्या घरांतले आहेत. आमच्या भागातल्या शाळेत त्यांची कविता शिकवताना गुरुजींनी वर्गाला एवढेच विचारावे, "यातला कोणता शब्द तुमच्या आजीच्या तोंडी आहे?" पटापट हात वर होतील. पुस्तकातली थोर कवयित्री आपल्या आजीसारखे बोलते, हे ज्या मुलाला कळले, त्याला आपल्या बोलीची लाज कधी वाटणार नाही.

ही नावांची आणि दाव्यांची ओढ काही आपल्याच मुलखात आहे असे समजू नका. कॅनडा देशात लंडन नावाचे एक शहर आहे. वस्ती चार लाखांच्या वर, म्हणजे आपल्या जळगाव शहराच्या जवळपास. २०११ च्या शिरगणतीत जळगावची वस्ती सुमारे चार लाख साठ हजार होती. या लंडनने नाव इंग्लंडच्या राजधानीकडून उसने घेतले. एवढेच नव्हे, तर गावातून वाहणाऱ्या नदीचे नावही थेम्स! आपल्याकडे प्रतिपंढरपूर, तसे ते प्रतिलंडन म्हणाना! पण उसन्या नावाने त्या लोकांचे भागले नाही. रानात वसवलेले आणि झाडांत दडलेले शहर म्हणून त्यांनी स्वतःचे बिरुद घेतले: अरण्यनगरी. हे त्यांचे खरे नाव, कारण ते तिथल्या मातीतून आले.

त्या शहराचा एक दावाही आहे. मधुमेहावरचे इन्सुलिन येथे जन्मले, असे ते सांगतात. खरी हकीगत अशी, की डॉक्टर बँटिंग १९२० साली त्या गावात राहत असताना एका रात्री त्यांना ती कल्पना सुचली. पण प्रयोग होऊन औषध निघाले ते पुढच्या वर्षी, टोरांटो शहरात. मग जन्मस्थान कोणते, जेथे कल्पना सुचली ते, की जेथे ती सिद्धीस गेली ते? दोन्ही शहरे आपापल्या परीने बरोबर आहेत. घर ज्याने बांधायचे ठरवले त्याचे, की ज्याने विटा रचल्या त्याचे? आपल्या केळीचा प्रश्नही याच जातीचा आहे, नाही का?

शेवटी, बिरुद जपायचे कसे? जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. तेथे सोन्याची खाण नाही. सोन्याचा कणही जमिनीतून निघत नाही. मग सुवर्णनगरी का? कारण येथल्या पेढीवरचे सोने कसाला उतरते असा गिऱ्हाइकांचा भरवसा बसला, आणि दूरदूरची माणसे लग्नाचे दागिने करायला येऊ लागली. म्हणजे ते बिरुद भरवशाचे आहे. भरवसा एकदा मोडला की नगरी तीच राहील, 'सुवर्ण' गळून पडेल.

केळीच्या आगराचे बिरुद मात्र पाण्याचे आहे. सातपुड्याच्या पायथ्याला वाळू आणि गोट्यांची एक लांब पट्टी आहे. भूजलाचे अभ्यासक तिला बझाडा म्हणतात. डोंगरावरून आलेले पावसाचे पाणी तेथे जमिनीत जिरते आणि खालच्या काळ्या रानातल्या विहिरींना मिळते. यावल-रावेरची केळी या जिरलेल्या पाण्यावर वाढली. पण आपण जिरले त्याहून अधिक उपसले. विहिरी कोरड्या पडल्या, कूपनलिका आल्या, त्याही खोल खोल गेल्या. ठिबकने पाणी वाचले खरे. पण पुष्कळदा वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी केळी लावली, आणि हिशेब होता तेथेच राहिला. कागद गेला, नीळ गेली, ती परक्यांच्या गिरणीने आणि रसायनाने नेली. केळी गेली तर तिला आपणच घालवलेली असेल.

आणि येथे एक योगायोग आहे. यावलचे नाव कोणत्या मोठ्या गोष्टीला मिळाले, म्हणून शोधू लागलो तर एकच सापडते: सातपुड्यातले यावल अभयारण्य. १९६९ साली ते घोषित झाले. विस्तार सुमारे १७७ चौरस किलोमीटर. केळीला भुसावळचे नाव, वांग्यांना जळगावचे नाव, पण या सगळ्यांना पाणी देणाऱ्या डोंगरातल्या रानाला नाव आमचे! त्या रानात झाड उभे राहिले तर पाऊस अडेल, पाऊस अडला तर पायथ्याशी पाणी जिरेल, पाणी जिरले तर घड भरेल. मग त्या घडावर भुसावळचा शिक्का असो की जळगावचा.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या मुलांना तीन प्रश्न घरी न्यायला सांगा. आपल्या गावाला लोक काय म्हणतात? ते नाव कोणी आणि कशावरून दिले? आणि ते नाव खरे राहावे म्हणून आपल्याला काय केले पाहिजे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मूल आजोबांना विचारील, दुसऱ्याचे तुम्हांला विचारील. तिसऱ्याचे उत्तर मात्र साऱ्या गावाला द्यावे लागेल.

आणि पुन्हा कधी गाडीत कोणी विचारले, "यावल? हे कुठं आलं?" तर घुटमळू नका. शांतपणे सांगा, "भाऊ, तुमच्याकडे भुसावळची म्हणून जी केळी येतात ना, ती आमच्याकडे पिकतात. या एकदा, थंडीत या. बामणोदच्या वांग्यांचं भरीत खाऊ घालतो."